बिजूची उशी

"नाही म्हण रे बाबा, आज तरी ठाम राहा," वर्कनेश मनातल्या मनात मॅनेजरला विनवत होती.

कॅफेच्या दारात मादाम रूला त्या मॅनेजरशी, फादीशी, भांडत होती. मागे फुटपाथवर बिजूचा पट्टा मनगटाला गुंडाळून वर्कनेश उभी होती. मादामच्या घरी ती कामाला होती. तिथे तिला लिंडा म्हणत, कारण तिचं हबशी नाव मादामच्या जिभेला जड जायचं. कुत्र्याचं नाव बिजू. ते कुणाला जड गेलं नव्हतं.

"नियम आहे मादाम," फादी म्हणाला. "कुत्रा आत चालत नाही. दर रविवारी तुम्ही आत जेवता, तो बाहेर बसतो. आजच काय झालं?"

"आज ऊन बघ! सगळं बैरूत तापलंय. त्या फरशीवर पंजे भाजतील त्याचे."

वर्कनेश त्याच फरशीवर उभी होती. तिला उन्हाचं काही नव्हतं. मादाम जेवायची तेवढा हा एक तास आठवड्यात तिच्या वाट्याला यायचा. आणि आज दीड वाजता हिरुत येणार होती. हिरुत तिच्या गावची, संध्याकाळच्या विमानाने कायमची परत निघालेली. बिजूच्या पिशवीत, त्याच्या टॉवेलच्या घडीत, वर्कनेशने एक पिवळा फ्रॉक दडवला होता. तिच्या स्वतःच्या पिशव्या मादाम उलट्या करून तपासायची. कुत्र्याची कधी तपासत नसे.

मादामने टाकून दिलेल्या पडद्याचा फ्रॉक. हाताने शिवलेला. ईस्टरला आईने कुणाबरोबर तरी एक दोरा पाठवला होता, गावी ठेवलेल्या वर्कनेशच्या पोरीच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मोजून तोडलेला. आज गेला तर फ्रॉक बसेल. यानंतर गावाकडे कुणी जाईल ते वर्षा-दोन वर्षांनी, आणि पोरी दोऱ्याच्या मापात थांबत नसतात.

"मी घेऊन बसते त्याला सावलीत, मादाम," ती म्हणाली. "पाणी पाजते."

"तू गप्प बस गं. मुक्या जिवाला बोलता येत नाही, म्हणून तर आपण बोलायचं असतं."

आतून एक म्हातारा खेकसला, "आम्ही इथे जेवायला येतो बाई, ताटातले केस मोजायला नाही."

"अहो काका, तुमच्या सिगारचा धूर बिजू निमूट सोसेल. तुम्ही त्याचे चार केस सोसा."

दोन-तीन टेबलं खदखदली. फादीही हसला, आणि वर्कनेशला कळलं, हा पडला.

"बरं, कोपऱ्यातलं टेबल घ्या," तो म्हणाला. "पण पट्टा कुणीतरी सतत हातात धरायचा."

"ही आहे ना."

फादीने वर्कनेशकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "ही आत? मादाम, गिऱ्हाईक नाकं मुरडतात हो."

"ही काय गिऱ्हाईक म्हणून येतेय? पट्टा धरायला येतेय."

"मग ठीक. गणवेश आहे अंगावर, म्हणजे प्रश्न नाही."

बिजू आत गेला. त्याच्या मागे पट्टा, पट्ट्यामागे वर्कनेश. तिला भिंतीला लागून बुटकं स्टूल मिळालं. बिजूला काचेच्या वाडग्यात बर्फाचं पाणी मिळालं. वेटर त्याच्यापुढे वाकून म्हणाला, "आणखी काही हवंय हबीबी?" आणि टेबलं पुन्हा खदखदली.

तब्बुले आलं, कोळशावरची कोंबडी आली. मादामने एक तुकडा फुंकून फुंकून गार केला आणि बिजूला भरवला.

दीड वाजला. काचेपलीकडे टॅक्सी थांबली. चर्चला जाताना घ्यायची पांढरी शाल तशीच डोक्यावर घेऊन हिरुत उतरली. तिने फुटपाथवरच्या नेहमीच्या जागेकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कॅफेच्या आत बघायचं तिच्या डोक्यात आलं नाही. कसं येईल?

वर्कनेश उठली. "मादाम, दोन मिनिटं. माझ्या गावची बाई आलीये बाहेर. आज गावाला चाललीये. तिला एक वस्तू द्यायचीय."

मादामचा काटा हवेतच थांबला. "कसली वस्तू? माझ्या घरातली?"

वर्कनेशने बिजूच्या पिशवीकडे बघायचं टाळलं. पडदा टाकून दिलेला होता. पण टाकून दिलेलंसुद्धा मादामचंच.

"आणि पट्टा कोण धरणार? मी?" मादाम म्हणाली. "बस खाली. तुम्हा लोकांसाठी काही करायला जावं तर हे असं. बिजूच्या कृपेने आयुष्यात पहिल्यांदा टेबलाजवळ बसायला मिळालंय, बस की जरा माणसासारखी."

ती बसली. बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. हिरुतने त्याला हात केला, थांब म्हणून.

बिजूचं पोट भरलं होतं. तो वर्कनेशच्या पावलांवर आडवा झाला. मादामने वाकून त्याची पिशवी ओढली, दोन्ही हातांनी थापटली आणि त्याच्या डोक्याखाली सरकवली.

"आज बरी मऊ लागतेय गं ही."

पिशवीवर हनुवटी टेकून बिजूने डोळे मिटले. त्याच्या ओठाच्या कडेतून लाळेची तार पिशवीवर उतरली.

पुन्हा हॉर्न वाजला. हिरुतने त्या रिकाम्या जागेकडे शेवटचं पाहिलं आणि शाल सावरत टॅक्सीचं दार उघडलं. वर्कनेशचा पाय हलला.

"अंहं, हलू नकोस लिंडा," मादाम कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."