डावीकडचं आपलं

लग्नपत्रिकेचे दोन मजकूर बानूने लॅपटॉपवरच्या एडिटरमध्ये शेजारीशेजारी उघडले. डावीकडे घरी लिहिलेला, उजवीकडे शिरूरहून मुलाकडच्यांनी पाठवलेला. फरक असेल ती ओळ लाल करायची, हे तिने एडिटरला शिकवून ठेवलं होतं. एक बटण दाबलं की आपलं राहायचं, दुसरं दाबलं की त्यांचं. तिचे वडील, आबा, खुर्ची ओढून बसले.

"लग्नाची वेळ. आपली दुपारची, त्यांची संध्याकाळची."

"त्यांची ठेव. पोरीकडची माणसं आपण."

"कार्यालय. आपलं तळेगावचं, त्यांचं शिरूरचं."

"त्यांचं ठेव."

"मामाचं नाव त्यांनी काढलंय."

"त्यांचंच ऱ्हाऊ दे. मामाची समजूत मी काढतो."

शेवटची लाल ओळ आबांनी चष्मा पुसून दोनदा वाचली.

"ही अन्विता कोण?"

"मीच. लग्नानंतर ठेवायचं नाव त्यांनी आत्ताच टाकलंय."

बानू हे आबांच्या आईचं नाव.

"हितं आपलं ठेव," ते म्हणाले. "आन् वरचं समदं परत आपल्यासारखं करता येईल का गं?"

बानू हसली.

"मी अजून सेव्ह कुठं केलंय, आबा."