खाऱ्या पाण्याचा आवाज

यंत्राच्या पेटीत फाटकन ठिणगी उडाली आणि वीज आपोआप तुटली. झैनुद्दीनला कळलं ते लाल दिवा लागल्यावर.

इंजिनिअर हुई मिन धावत आली. झाकण उघडून तिने विमानाच्या इंजिनाचं पातं बाहेर काढलं. या यंत्रात हत्यार पात्याला टेकत नाही. दोघांमधल्या केसाएवढ्या फटीतून खारं पाणी जोरात वाहतं आणि विजेने विरघळलेला धातू धुऊन नेतं. आज एका कोपऱ्यात पाणी पोचलंच नव्हतं. तिथे गाळ साचून पातं काळंठिक्कर पडलं होतं.

दाबाच्या काट्यावर असलं काही दिसत नाही. पण पिनांगच्या या कारखान्यात बावीस वर्षं काट्याकडे बघत कोण होतं? पाण्याची सळसळ जराशी चिरकली, की झैनुद्दीन बटण दाबून मोकळा.

पात्यावर वाकूनच तिने झैनुद्दीनला मलयमध्ये ‘काका’ अशी हाक मारत विचारलं, “पाक चिक, आवाज बदलला तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“अजून वेळ आहे जेवायला,” झैनुद्दीन म्हणाला.

शेजारच्या यंत्रावरचा सेल्वम खो खो हसला. “काय म्हातारबा, कान घरी ठेवून आलात की काय?”

ते हसणं झैनुद्दीनने पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. “मी इथं नव्हतो,” तो घाईघाईने म्हणाला. “चहाला गेलो होतो. तसंच लिहा. चूक माझी.”

चालू यंत्र सोडून जाणं म्हणजे नोकरीवर गदा. हुई मिनने तर त्याला काचेपलीकडून पाहिलं होतं. सकाळपासून तो तिथेच उभा होता, दोन्ही तळवे पेटीला टेकवून.

तिने सेल्वमला डोळ्यांनीच दटावलं. मग वहीतलं एक कोरं पान फाडून त्यावर लिहिलं, ‘कधीपासून?’

झैनुद्दीनने ते पान पेटीवर पसरलं. खिशातलं पेन काढलं.

‘ईदपासून. मुलीचा फोन घेत नाही आता. तिला वाटतं, मी रागावलोय.’

तो पान परत देईल म्हणून तिने हात पुढे केला. पण तो लिहीतच होता. जेवणाची घंटा झाली. माणसं हात धुवायला गेली. पानाच्या दोन्ही बाजू भरल्या, तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

“अजून एक कागद मिळेल?”