मागची सीट

दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर मागच्या सीटवर बसून तिने पाय खाली सोडला, तर पॅडल लागलंच नाही.

"थांब रे," ती म्हणाली. "माझी सीट वर गेलीय."

नवरा पुढच्या सीटवर हेल्मेटचा पट्टा आवळत होता. त्याने मान वळवली नाही. "सैल झाली असेल."

"सैल झालेली सीट खाली जाते. वर कशी जाईल?"

ती उतरली. सायकल नुकतीच जिन्याखालून बाहेर काढली होती. दर शनिवारी निघायचे तशीच मागे तंबूची गुंडाळी बांधलेली, पिशवीत थर्मास आणि दुर्बीण. तिने सीटखालच्या दांड्याला बोटं लावून पाहिली. चार बोटं जास्त.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ती दिवसभर लोकांचे पाय मोजायची. टेप हल्ली नावालाच लागायची, नजरच सांगायची. सायकल घेतली त्या दिवशी दुकानदाराने ही सीट तिच्या मापाने बसवून दिली होती. दोन वर्षांत तिला हात लावायची वेळ आली नव्हती. चार बोटं म्हणजे बाई चांगलीच उंच हवी. बाई हा शब्द मनात कुठून आला, हे तिला कळलं नाही. तिची तिलाच लाज वाटली.

"हां, आठवलं," तो म्हणाला. "बुधवारी दादाला तळ्यापर्यंत फिरवून आणलं. तुझी उशिराची पाळी होती ना."

"भाऊजी मागे बसले?"

"बसला कसला, सगळा रस्ता माझा शर्ट धरून देवाचं नाव घेत होता."

तो हसला. तीही हसली, सवयीने. भाऊजी तिच्या खांद्याला लागायचे. लग्नाच्या फोटोत त्यांना पायरीवर उभं करावं लागलं होतं. ते बसले असते, तर सीट खाली घ्यावी लागली असती.

शनिवारी-रविवारी भांडायचं नाही, हे दोघांचं ठरलेलं. जे असेल ते सोमवारी, चहा झाल्यावर. बहुतेक वेळा सोमवारपर्यंत भांडण कशाचं होतं तेच आठवायचं नाही. तिने हा नेम एकदाही मोडला नव्हता.

"पाना काढू का?" त्याने विचारलं.

"राहू दे. जाऊ अशीच. ऊन चढेल."

निघाले. मागे बसणाऱ्याच्या हातात ब्रेक नसतो, आणि समोर रस्ता नसतो, पुढच्याची पाठ असते. एवढे दिवस तिला ती पाठ पुरली होती. आज ती त्या पाठीकडे बघत राहिली. शर्ट कुठे धरता येईल, हात कुठे टेकेल, वळणावर अंग कोणत्या बाजूला जाईल. मग तिने नजर झाडांकडे नेली. ती परत पाठीवरच आली.

"जिराफ काय म्हणतेय?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोण?"

"तुमच्या दुकानातली."

चष्म्याच्या दुकानात नवी मुलगी लागली, तेव्हा हे नाव यानेच ठेवलं होतं. रोज संध्याकाळी तिचा एक तरी किस्सा घरी यायचा. आज पाटीला डोकं आपटलं. आज एका आजोबांना फ्रेम लावून बघायला ती गुडघ्यावर बसली, तर ते म्हणाले, "पोरी, मला देव केलंस की." दोघं पोट धरून हसायचे. ते किस्से कधी थांबले? तिने आठवून पाहिलं. थंडी सरली तेव्हा तरी थांबलेलेच होते.

"ठीक आहे," तो म्हणाला. "कामाला चांगली आहे."

तिने पुढची गंमत यायची वाट पाहिली. आली नाही.

चढ सुरू झाला. तिच्या बुटांची टोकं पॅडलला लागत होती आणि सुटत होती. पॅडलं फिरत होती ती त्याच्या जोरावर. त्याच्या मानेवरून घाम उतरला.

"अगं, जोर लाव की जरा. एकटा ओढतोय मी."

"पाय पोचत नाहीत."

तो वळणावर थांबला. "तरी म्हणत होतो, घरीच करून टाकू." सायकल कठड्याला टेकवून त्याने पिशवीतून पाना काढला. नट अर्धा फिरवला, तळहाताने सीट एकदाच दाबली, नट आवळला. बोटं लावून पाहिली नाहीत. तिला विचारलंही नाही.

"बस बघू."

ती बसली. पाय सोडला. पॅडल बरोबर तळव्याखाली आलं. गुडघा किती वाकायला हवा हे ती रोज वीस जणांना सांगायची. तेवढाच वाकला होता, केसभरही इकडेतिकडे नाही.

"जमलं?"

"अगदी." ती हँडलकडे बघत होती. "न मोजता, एका झटक्यात कसं रे केलंस?"

तो रुमालाने पाना पुसत होता. चढ दमवणारा होता, काम मनासारखं झालं होतं, तो खुशीत होता.

"हाताला सवय झालीय आता."

रुमाल पान्यावर थांबला.

खालून एक मालगाडी शिट्टी देत गेली. तिने दोन्ही पाय पॅडलवर ठेवले, हँडल धरलं आणि तो पुढे येऊन बसायची वाट बघत राहिली. आज शनिवारच होता.