कवडीची रेघ

"हीच कवडी?" जागृतीने विचारलं.

"हाईच," हेमराज म्हणाला. "हाऊ टवका देखा. मन्हाच हातथी उडना व्हता."

काळ्या दोऱ्यातली राखाडी पडलेली कवडी त्याने टेबलावर ठेवली. त्याची सासू रूपलीबाई भिंतीशी उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नाही.

नंदुरबारच्या कॉलेजला दिवाळीची सुट्टी होती. जागृती तिथे पदार्थविज्ञान शिकवायची. लेझरने पदार्थाची आतली रचना ओळखणारं रामन यंत्र आल्यापासून ती त्याच्याच खोलीत डबा खायची, कारण या गावात तिच्याशी बोलायला दुसरं कोणी नव्हतं. पडदे ओढलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत कधीकधी स्वतःचा आवाजही परका वाटे. आज दारात माणसं दिसली, तेव्हा आधी तिला आनंदच झाला. मग त्यांचं काम कळलं.

हेमराजची बायको आशा भांडून आईकडे गेली होती. तिथून मायलेकी ऊसतोडीला गुजरातेत गेल्या. उन्हाळ्यात परत आली ती एकटी रूपलीबाई. आशा तापाने गेली, टोळी पुढे निघून गेलेली, अनोळखी लोकांनी तिथेच अग्नी दिला, असं ती सांगत होती. हेमराजचा विश्वास बसेना. परवा त्याने प्रकरण पंचांपुढे नेलं, तेव्हा म्हातारीने ही कवडी काढली. लेकीच्या दंडावरची, राखेतून उचललेली. आणि तीच म्हणाली, कॉलेजातल्या मशीनला विचारा.

मशीन तिला जागृतीमुळेच माहीत. धडगावच्या विज्ञान प्रदर्शनात जागृतीने शिंपला भाजल्यावर काय होतं ते चित्रं लावून सांगितलं होतं. लोक भराभर पांगले. ही म्हातारी तेवढी शेवटपर्यंत बसून राहिली. किती जाळ लागतो, चुना कधी होतो, सगळं विचारत होती. कोणीतरी आपलं ऐकतंय, याचं जागृतीला केवढं अप्रूप वाटलं होतं.

"आणि आशा जिवंत असली तर?" तिने हेमराजला विचारलं.

"मंग मी तिले पाताळमाईन लई येसू."

आपल्याला असं कोणी शोधलं असतं तर, जागृतीच्या मनात आलं.

तिने कवडी यंत्राखाली ठेवली. आगीत कवडीचं द्रव्य तेच राहतं, पण आतली रचना बदलते. कण नव्या पद्धतीने बसतात आणि गार झाल्यावर पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. लेझर पाडला की पडद्यावर रेघा उमटतात, आणि रचना बदललेली असेल तर रेघेची जागाही बदललेली दिसते. यंत्राला कोणाची भीडभाड नसते.

हिरवा ठिपका कवडीवर पडला. रूपलीबाईने डोळे मिटून घेतले. जुनीच रेघ दिसू दे, जागृती मनात घोकत होती.

रेघ नव्या जागी उमटली. तिने कवडी फिरवून पुन्हा पाहिलं.

"आगीतून गेलेली आहे," ती कशीबशी म्हणाली. "चितेच्या कडेला पडली असणार. नाहीतर चुना झाली असती."

हेमराजने पडद्याकडे पाहिलं. "मंग खलास," तो म्हणाला. कवडी तिथेच टाकून तो बाहेर पडला. त्याची मोटरसायकल फाटकातून निघून गेली.

रूपलीबाई मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. जागृतीलाही रडू आलं. आता या बाईला घरी गेल्यावर कोण आहे? तिने पाणी दिलं, डब्यातली अर्धी भाकरी पुढे केली. घेताना म्हातारीच्या बोटांवर भाजल्याचे फोड दिसले. जन्मभर चूल फुंकणारे हात ते, असायचेच.

बऱ्याच वेळाने रूपलीबाईने कमरेच्या पिशवीतून छोटा मोबाइल काढला.

"बाई, माले आकडा वाचता येत नही. पहिला नंबर लाई दे."

नातेवाइकांना कळवायचं असेल. जागृतीने नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. पलीकडून कोणीतरी उचलला. म्हातारीने पदराने डोळे पुसले.

"आशा, तो गया," ती म्हणाली. "आते दार उघाड. जराशी उनमा बठ, बेटा."