उजव्या कोपऱ्यातला ठिपका

जुन्या रिळांवरचे पाच विज्ञानपट, रात्रभर, ओळीने. चौथ्याला निम्मं थिएटर घोरत होतं, बाबा मात्र टक्क जागे. तीस वर्षं त्यांनी प्रोजेक्टर चालवला. प्रेक्षकांत बसायची ही पहिलीच वेळ. अंतराळयान पेटलं तरी त्यांची नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातच. “तिथे काय आहे, बाबा?” “ठिपका येईल. रीळ संपत आल्याची खूण. त्याच क्षणी पुढचं रीळ लावलेलं दुसरं मशीन चालू करायचं. चुकलं, की शिट्ट्या नि शिव्या.” “आणि जमलं की?” “कुणाला पत्ताही लागत नाही.” ठिपका चमकला. बाबांचा हात खटका शोधत माझ्या पॉपकॉर्नमध्ये गेला. यान तसंच जळत राहिलं, इवलासाही धक्का नाही. बाबा उठले आणि मागच्या प्रोजेक्टरच्या केबिनकडे वळून टाळ्या वाजवू लागले. “काय झालं?” शेजारचा दचकून उठला. “काहीच नाही!” बाबा खुशीत म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या, बाबांकडे वळून.