गुंडावरचं नाव

भंडाऱ्यात भांड्यांशिवाय आहे काय, असं म्हणत तुलारामने लेक देऊन तीन वर्षं तिकडे पाय ठेवला नव्हता. आज तिला भेटायला आला आणि गावावर खूशच झाला. भरलेला तलाव, फक्कड चहा, पितळेच्या दुकानांतली ठकठकसुद्धा कानाला गोड. पोर चांगल्या गावात पडली म्हणायची! तिच्यासाठी लोटा घ्यायला तो एका दुकानात शिरला.

कारागीर एका गुंडावरचं, पाण्याच्या पितळी घागरीवरचं, नाव घासून काढत होता. तुलारामने वाकून पाहिलं. लेकीच्या लग्नात त्यानेच टाकून घेतलेलं नाव होतं: ‘रुखमा तुलाराम, आंबागड’.

“हे काहून खोडून राहिले, भाऊ?”

“गुंडाचा मालक दुसरी बायको करून राहिला, तिचं नाव टाकाचं हाये. पहिली पंधरा दिवसांआधी जळून मेली म्हणे.”

तुलारामच्या पिशवीत रुखमासाठी तिच्या मायने बांधून दिलेले लाडू होते.