बरोबर एकशे चाळीस

सरकारी दवाखान्यात सोमवारी गरोदर बायकांची रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत जायची आणि तपासायला सिस्टर एकटीच. पोटाला नळी लावून ऐकत बसायच्या फंदात ती पडायचीच नाही. प्रत्येक कार्डावर बाळाचे ठोके एकशे चाळीस लिहायची आणि बजावायची, "सगळं ठीक आहे. कार्ड जिवापाड जपा."

त्या सोमवारी एक सासू सुनेला घेऊन आली आणि टेबलापुढून हलेचना. "नुसतं लिहिताय काय? आधी ऐका तरी, बाई!"

सिस्टरने चरफडत नळी शोधली, धूळ पुसली, सुनेच्या पोटावर टेकवून कान लावला.

आत काहीच नव्हतं.

"सकाळपासून नुसता धिंगाणा घालतंय," सून कौतुकाने म्हणाली.

सिस्टरने मागच्या बाईला बोलावलं, मग तिच्या मागचीला. तिन्ही पोटं कुलूप लावलेल्या घरासारखी गप्प.

तेव्हा तिला तो आवाज आला. टकटक, टकटक. टेबलावर जमा झालेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून.

तिने सुनेचं कार्ड उचलून कानाला लावलं. पुठ्ठा कोमट होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिने मिनिटभर ठोके मोजले. बरोबर एकशे चाळीस.

तेवढ्यात दिवस भरत आलेली एक बाई रिकाम्या हाताने पुढे आली आणि ओशाळून हसली.

"रागावू नका हं, सिस्टर. आमच्या थोरलीनं परवा खेळता खेळता माझं कार्ड फाडलं. नवीन लिहून द्याल ना?"